सासूबाईंच्या झाडाची हजामत

जावयाने कात्री खाली ठेवली तेव्हा सासूबाईंचं झाड वीतभर उरलं होतं. सकाळी ते त्याच्या खांद्याला लागत होतं.

सासूबाई पंधरा दिवसांसाठी धाकट्या बहिणीकडे जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "जावईबापू, ह्यांच्या झाडावर जरा लक्ष असू द्या." ह्यांच्या म्हणजे दिवंगत सासऱ्यांच्या. सासऱ्यांनी आयुष्यात पुष्कळ काही लावलं, पण जगलं ते हे एकच. गुलाबाच्या कुळातलं काटेरी झुडूप. नर्सरीवाला त्याला क्विन्स म्हणायचा, घरात सगळे 'ह्यांचं झाड' म्हणायचे. थंडी सरता सरता ते शेंदरी फुलांनी भरून जाई आणि तेवढे दिवस सासूबाई खिडकीशी खुर्ची ओढून बसत. त्या दिवसांत त्या कुणाला लागेल असं बोलत नसत. वर्षभराची ती एकच सुट्टी होती, त्यांनाही आणि घरालाही.

जावयाला हे ठाऊक नव्हतं. लग्न उन्हाळ्यात झालेलं, त्या घरातला त्याचा हा पहिलाच हिवाळा. त्याने पाहिलं होतं ते हिरवंगार झुडूप, आणि आता दारात उभा होता नुसत्या काड्यांचा सांगाडा. त्यातून तो घरजावई. दुसऱ्याच्या अंगणात कात्री जपून चालवावी, हे शहाणपण त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि धंद्याने तो सलूनवाला. सुट्टीच्या दिवशी लक्ष ठेवायला म्हणून अंगणात गेला, तर एका काडीने त्याची बाही पकडली. 'वाळलंय बिचारं,' असं म्हणून त्याने ती काडी कापली. मग दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून पाहिलं. उजवी बाजू कमी दिसत होती. म्हणून डावी घेतली. डावी जरा जास्तच गेली, म्हणून पुन्हा उजवी. मग वरचा भाग जड वाटायला लागला. गिऱ्हाईक असतं तर "बास, बास" म्हणालं असतं. झाड काही बोललं नाही.

संध्याकाळी बायको पोस्टातली ड्यूटी संपवून आली आणि फाटकातच थबकली.

"हे काय केलंस?"

"वाळलं होतं ना. नीटनेटकं केलं."

"वाळलं नव्हतं! दर थंडीत पानं गाळतं ते!" तिने जमिनीवरची एक काडी उचलून त्याच्या नाकासमोर धरली. काडीवर मुगाच्या दाण्याएवढ्या तांबूस गाठी होत्या. "ह्या कळ्या आहेत. महिन्याभरात फुलणार होत्या. बाबा गेले त्या वर्षी आई दोन महिने कुणाशी बोलली नव्हती. हे झाड फुललं तेव्हा बोलली."

आतापर्यंत जावयाला फक्त सासूबाईंची भीती वाटत होती. आता स्वतःची लाजही वाटायला लागली, आणि ती भीतीहून वाईट होती.

"काय बोलली?" त्याने उगाच विचारलं.

"'ह्यांनी फुलं पाठवली' म्हणाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक काडी खिशात घालून नर्सरीत गेला. नर्सरीवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली. "जुन्या लाकडावर फुलतं हे. मरणार नाही, जोमाने फुटेल. पण यंदा फुलं विसरा."

"यंदाच हवीत."

"मग कापलेल्या काड्या पाण्यात ठेवून ऊब द्या. नशीब असेल तर उमलतील. पण झाडावर नाही यायची."

"माणूस वाचेल का?"

"कोणता माणूस?"

"काही नाही," म्हणून जावई निघाला.

ऊब म्हणजे सलून. तिथे दिवसभर पाणी तापायचं, वर केस वाळवायचं मशीन चालायचं. प्रश्न होता काड्या तिथवर न्यायचा. समोरच्या घरात राहणाऱ्या काकू म्हणजे गल्लीची आकाशवाणी. कुंपणाआडचं अंगण त्यांना दिसत नसे, पण फाटक आणि रस्ता त्यांच्या खिडकीखालीच होता. त्यांना एक काटा दिसला असता तरी सासूबाईंना बहिणीच्या घरी बसल्या बसल्या बातमी मिळाली असती. म्हणून जावयाने गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायच्या पांढऱ्या कापडात काड्या गुंडाळल्या, दोरीने बांधल्या आणि ती लांबोडकी वळकटी खांद्यावर टाकून चालू लागला.

"कुणाला नेताय हो?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

"को... कोणी नाही. कापड आहे. धुवायला."

"कापडाला काटे फुटलेत तुमच्या," काकू म्हणाल्या.

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस जावयाने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. रोज सकाळी काड्यांचं पाणी बदलायचं, बादल्या गरम पाण्याच्या टाकीजवळ सरकवायच्या, आणि फोन वाजला की दचकायचं. सलूनमध्ये नेमाने पेपर वाचायला येणारे पेन्शनर काका म्हणाले, "बायकोचा वाढदिवस आहे का?" जावई म्हणाला, "नाही, माझा शेवटचा आठवडा आहे." काका हसले. तो हसला नाही. गाठी फुगत होत्या, हे खरं. पण बादलीतल्या फुलांनी अंगणातलं झाड कुठे झाकलं जाणार होतं?

सासूबाई ठरल्या दिवशी दुपारी आल्या. जावई पडद्याआड उभा राहून बघत होता. रिक्षा थांबली. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या सासूबाई उतरल्या, खाली मान घालून फाटकातून सरळ आत आल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. एक शब्द नाही.

"पाहिलं त्यांनी," जावई कुजबुजला.

"पाहिलं असतं तर ओरडली असती," बायको म्हणाली.

"तोच तर घोळ आहे. ओरडल्या नाहीत!"

संध्याकाळी बायकोने दार वाजवलं. आतून आवाज आला, "मला बरं वाटत नाही. ताट दाराशी ठेव." दुसऱ्या दिवशीही तेच. जावयाने स्वतः चहा नेला, तर आतून पाय मागे सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. बाबा गेल्याच्या वर्षीची ती दोन महिन्यांची गोष्ट त्याच्या डोक्यातून हलेना. आपण एका बाईचा उरलासुरला नवरा कात्रीने कापला, असं त्याला वाटायला लागलं. रात्री त्याने बायकोला म्हटलं, "सांगून टाकतो." सकाळी तो त्यांच्या दाराशी गेला, घसा खाकरला, आणि आलेल्या पावली सलूनला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास तो पेन्शनर काकांची दाढी करत होता. एका गालावरून वस्तरा फिरला होता, दुसऱ्यावर साबण होता. एवढ्यात दारात सासूबाई. डोक्याला तोच रुमाल. आजवर त्यांनी जावयाच्या सलूनची पायरी चढली नव्हती.

"ह्यांना बाहेर पाठवा," त्या म्हणाल्या.

"अहो, माझी अर्धी..." काकांनी सुरुवात केली. मग त्यांनी सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि साबणासकट बाहेर जाऊन उभे राहिले.

"दार लावा."

जावयाने दार लावलं.

"पडदा ओढा."

जावयाची पाचावर धारण बसली. त्याने पडदा ओढला आणि वस्तरा हळूच ड्रॉवरमध्ये टाकला. न जाणो. "आई," तो म्हणाला, "माझं चुकलं, मी..."

"आधी माझं ऐका. आणि हसायचं नाही. हसलात तर ह्या घरात मी राहीन नाहीतर तुम्ही." एवढं बोलून त्यांनी रुमाल सोडला.

जावई हसला नाही. हसण्याची ताकद त्याच्यात नव्हती. सासूबाईंचे केस एका बाजूला कानापर्यंत होते आणि दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत. मधे भांगाजवळ टाळू दिसत होती. आणि ह्या सगळ्यावर वांग्यासारखा जांभळा रंग चढला होता.

"धाकटीने केलं," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "म्हणाली, सलूनला कशाला जायचं, मी घरीच करते. तीन दिवस कोंडून घेतलंय मी. तुम्ही पडलात धंद्यातले. म्हटलं, बघाल आणि मनात हसाल. चहा घेऊन आलात तेव्हा पलंगामागे जाऊन उभी राहिले."

"म्हणजे तुम्ही... आल्यापासून... बाहेर अंगणात..."

"मान वर केली नाही मी. समोरची काकू खिडकीत असते ना!"

जावयाला रडावं की नाचावं कळेना. त्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केसांवर पाणी फवारलं आणि लांब बाजू कानापर्यंत आणली. आरशात सासूबाईंनी पहिल्यांदा डोळे वर केले, आणि त्यांना मागचा कोपरा दिसला. टाकीजवळच्या दोन्ही बादल्यांत काड्या शेंदरी फुलांनी लगडल्या होत्या.

"अगं बाई!" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आपल्या झाडासारखीच की. कुठून आणलीत?"

'नर्सरीतून' असं म्हणायला किती वेळ लागतो? जावयाने तोंड उघडलंही. आरशातला तो मऊ झालेला चेहरा पाहिला आणि त्याच्याने ते म्हणवलं नाही.

"आपल्याच झाडाची आहेत, आई," तो म्हणाला. "मी कापलं. वाळलं म्हणून. एक बाजू, मग दुसरी बाजू... वीतभर राहिलंय."

सासूबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्या खुर्चीतून निम्म्या उठल्या. मग त्यांची नजर आरशात स्वतःवर गेली, आणि तिथून जावयाच्या हातातल्या कात्रीवर. कात्री पानासारखी थरथरत होती. त्या पुन्हा खाली बसल्या.

"मुळं?" त्यांनी विचारलं.

"शाबूत आहेत. जोमाने फुटेल म्हणाला नर्सरीवाला."

"बरं." त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. "ती बादली इकडे आणा, माझ्याजवळ. आणि हात थरथरायचा थांबेपर्यंत केसांना हात लावू नका."

त्याने बादली आणून आरशासमोर ठेवली. बराच वेळ सासूबाई त्या फुलांकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कापडाखालून हात काढायची सोय नसल्याने जावयाने ते टिपलं.

बाहेरून काकांनी दार वाजवलं. "अहो, साबण वाळला!"

"वाळू दे!" सासूबाई आतून कडाडल्या. तो आवाज ऐकून जावयाला आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्या आरशातून त्याच्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाल्या, "ओरडणार आहे मी तुम्हाला. चांगली तासभर ओरडणार आहे. पण आधी हे पूर्ण करा. आणि मी भिऊन गप्प बसले होते, हे घरी कुणाला सांगू नका."