तालमीत मंजूर झालेली बस

कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहिणाऱ्या अरुणा गमरेने संध्याकाळच्या वर्गाचं दार हळूच ढकललं, तेव्हा केळुसकर सरांनी खडू खाली ठेवला. सर खडू खाली ठेवतात ते कुणाचा तरी हिशेब चुकता करायला, हे वर्गाला ठाऊक होतं.

"गमरे, किती वाजले?"

"सर, बस आलीच नाही. टँकरवाल्याने सोडलं."

"कसला टँकर?"

"ॲसिडचा."

पहिल्या बाकावरच्या दोघांनी वह्या आवरून घेतल्या. सर मात्र हलले नाहीत. "तुमची हजेरी काठावर आली आहे. आता एक तास बुडाला, तरी परीक्षेच्या अर्जावर मी सही करणार नाही. कामगारांच्या गैरहजेरीवरचे उपाय शिकवतोय मी इथे. माझ्याच वर्गात हे चालायचं नाही."

१९८५ सालची वाशी ती. इमारती झाल्या होत्या, रस्ते झाले होते, रस्त्यांना दिवेही लागले होते. त्या रस्त्यांवरून धावणारं वाहन तेवढं यायचं राहिलं होतं. अरुणाचा रंगांचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर, आणि हा संध्याकाळचा पदव्युत्तर पदविकेचा वर्ग वाशीतल्या एका प्राथमिक शाळेत. पहिल्या वर्षी अभ्यासक्रमाचं नाव 'पर्सोनेल मॅनेजमेंट' होतं. दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं की आता माणसाला मनुष्यबळ म्हणायचं. नाव मोठं झालं, बाक मात्र चौथीच्याच मुलांचे राहिले.

कारखान्यात वेल्फेअर ऑफिसरची नवी जागा निघणार होती. पदविका हातात असेल तर ती अरुणाची, नसेल तर बाहेरच्या कुणाची. नोकरी, घर आणि नवऱ्याच्या पाळ्या सांभाळून दोन वर्षं तिने रात्रीचा भात सकाळीच शिजवला होता. हे सगळं आता एका बसवर येऊन अडलं होतं.

खरं तर कारखान्यातून वर्गापर्यंत रोज एक स्कूटर यायची. ती पर्सोनेल ऑफिसर श्यामसुंदर टिपणीस यांची, म्हणजे अरुणाच्या थेट साहेबांची. साहेब शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीपर्यंत दुमडून बसत. बारा वर्षं अनुभवावर खुर्ची सांभाळल्यावर कंपनीने त्यांनाही पदविका आणायला सांगितलं होतं, आणि गेल्या वर्षी ते नापास झाले होते. कारखान्यात त्यांनी मान दुखते असं सांगून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी ते 'मानेच्या डॉक्टरकडे' जात.

"मला मागे बसवून न्या ना, साहेब," अरुणाने एकदा विचारलं होतं.

"अहो गमरेबाई, दोघंही एकाच डॉक्टरकडे जातो म्हटलं तर लोक काय म्हणतील? तुमच्या मानेला काय झालंय म्हणून सांगू?"

त्या दिवशी वर्ग सुटताना सरांनी वाटाघाटींच्या प्रात्यक्षिकासाठी जोड्या लावल्या. "गमरे, तुम्ही व्यवस्थापन. टिपणीस, तुम्ही युनियन. मंगळवारी, सहाला. जो येणार नाही तो परीक्षेला नाही."

तालमीसाठी ऑफिस सोयीचं नव्हतं. तिथल्या काचेच्या भिंतींतून चहासुद्धा गुपचूप पिता येत नसे. म्हणून शनिवारी अर्धा दिवस सुटल्यावर दोघं रिकाम्या कँटीनमध्ये बसले. काल्पनिक मागण्या शोधायचा दोघांनाही कंटाळा आला, तेव्हा कारखान्यातली खरीच मागणी उचलली: घरी जायला वाशीपर्यंत बस. बदल्यात कामगारांनी भोंगा वाजेल तेव्हा गेटवर नाही, तर मशीनवर हजर असायचं.

टिपणीससाहेबांचा आवाज एरवी पोस्टमनसारखा: दाराशी येऊन थांबणारा. पण युनियनचा पुढारी व्हायला सांगितल्यावर त्यांच्या पोटातून काहीतरी निराळंच बाहेर आलं. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"या कारखान्याला पर्सोनेल ऑफिसर आहे की पोस्टाची पेटी? टाकलेलं सगळं आत जातं, बाहेर काही येत नाही. आमची माणसं टँकरवर लोंबकळत घरी जातात, आणि अधिकाऱ्यांची बस दिवसभर झाडाखाली झोपा काढते. बस मिळालीच पाहिजे."

"साहेब, स्वतःलाच किती बोलता?"

"बोलू द्या हो. बारा वर्षांची बाकी आहे."

अरुणाने व्यवस्थापनाच्या थंडपणाने सगळं ऐकून घेतलं, अट घातली आणि शेवटी म्हणाली, "ठीक आहे. बस मंजूर." दोघं खूश होऊन उठले. आत मोरीशी कँटीनच्या वेणूबाई भांडी घासत होत्या, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. वेणूबाईंनी 'पोस्टाची पेटी' ऐकली, 'बस मंजूर' ऐकलं. मधली अट मात्र नळाच्या आवाजात वाहून गेली.

सोमवारी सकाळी टिपणीससाहेब गेटवर स्कूटर लावतात न लावतात, तोच युनियनचे सेक्रेटरी पोपट भोईर पुढे आले आणि त्यांनी साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. आदल्या पाळीत जांभळा रंग झाला होता; हार पिवळा आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उमटलेले हात जांभळे.

"सायेब, तुमी आमचे निगाले. वेनूबायनं समदं सांगितलं."

"काय सांगितलं?" साहेबांचा आवाज पुन्हा दाराशी येऊन थांबला.

"तुमी कसे भांडले ते. आनि गमरेबाईनं मॅनेजमेंटच्या वतीनं बस दिली ते. कदी सुटल?"

तालीम होती म्हणावं, तर कशाची ते सांगावं लागणार. कशाची ते सांगितलं, तर नापास झालेलं वर्ष बाहेर येणार. साहेब म्हणाले, "मॅनेजमेंट विचार करतंय."

"इचार शनवारी झाला ना, सायेब."

तेवढ्यात जनरल मॅनेजरची गाडी आली. काच खाली झाली. "टिपणीस, हार कसला?"

"वाढदिवस आहे, सर."

वाढदिवस खरा सहा महिन्यांनी होता. पण दुपारी जनरल मॅनेजरनी केक मागवला, आणि टिपणीससाहेबांनी सगळ्या ऑफिससमोर मेणबत्त्या विझवल्या. मान दुखत असल्यामुळे त्यांना वाकवत नाही, अशी समजूत करून घेऊन कुणीतरी केकच वर उचलून धरला.

मंगळवारी पाळी सुटली, आणि गेटवर रांग लागली. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. एकामागे एक माणसं डबे घेऊन शांतपणे उभी. रांग गेटमधून रस्त्यावर गेली, वळली, परत आली. बाहेरचे टँकर आत येईनात, आतले बाहेर जाईनात.

"हा संप आहे का, भोईर?" जनरल मॅनेजर स्वतः खाली उतरले होते.

"नाय सायेब. आमी बसच्या लाइनीत उभे हाय."

"कुठली बस?"

"गमरेबाईनं दिली ती."

सगळ्यांच्या नजरा अरुणाकडे वळल्या. ती पर्स खांद्याला लावून त्याच गेटमधून निसटायच्या बेतात होती. वर्गाची वेळ जवळ येत होती, आणि आजचा तास बुडाला की दोन वर्षं बुडाली. शेजारी उभे असलेले टिपणीससाहेब पुटपुटले, "बाई, माझं नाव नका घेऊ. हवं तर वर्ग सोडतो मी."

"तुम्ही सोडाल हो," अरुणा हळूच म्हणाली. "मला नाही परवडत." मग तिने पर्स खाली ठेवली.

"सर, बसचं बोलणं झालं होतं. पण अटीवर. पोपटराव, अट सांगितली का वेणूबाईंनी?"

"आट? कसली आट?"

रांगेच्या कडेला उभ्या वेणूबाई म्हणाल्या, "नळ चालू होता बाय. मी काय कानाला बादली लावून बसलेली?"

"भोंगा वाजला की प्रत्येकाने मशीनवर असायचं. गेटवर नाही, चहावर नाही, बाकावर चपला शोधत नाही."

रांगेत कुजबुज झाली. चपला शोधण्याची वेळ ही युनियनने बऱ्याच वर्षांच्या कष्टांनी कमावली होती. पोपटराव म्हणाले, "हे जास्ती होतंय."

"मग टँकर आहेच. आज ॲसिड नाही, कॉस्टिक सोडा आहे म्हणतात."

पोपटरावांनी मागे वळून माणसांकडे पाहिलं. माणसांनी टँकरकडे पाहिलं. "चालल," पोपटराव म्हणाले.

अरुणा जनरल मॅनेजरकडे वळली. "सर, तुम्ही उशिराच्या सुरुवातीबद्दल दर मीटिंगला बोलता. तो प्रश्न आत्ता सुटतोय. अधिकाऱ्यांची बस झाडाखालीच उभी आहे. ती वाशीला जाऊन यायच्या आत साहेब लोकांच्या फायलीसुद्धा बांधून होत नाहीत."

जनरल मॅनेजरनी झाडाखालच्या बसकडे असं पाहिलं, जणू ती त्यांना पहिल्यांदाच दिसत होती. ड्रायव्हर कान्हा सीटवर आडवा होता. त्याचे पाय खिडकीतून बाहेर आले होते. "लिहून घ्या," ते म्हणाले. उभ्या उभ्या टँकरच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या झाल्या. "टिपणीस, पहिल्या फेरीला तुम्ही सोबत जा. हे सगळं तुमच्याच खात्याने केलंय ना?"

"हो सर," टिपणीससाहेब म्हणाले.

बस वाशीत शाळेच्या कोपऱ्यावर थांबली. अरुणा उतरली. टिपणीससाहेबही "डॉक्टर, डॉक्टर" करत घाईघाईने उतरले, आणि सहाच्या ठोक्याला दोघं वर्गात होते. केळुसकर सरांनी घड्याळ पाहिलं आणि नाइलाजाने हजेरी मांडली.

प्रात्यक्षिक रंगलं. टिपणीससाहेबांनी मूठ आपटली तेव्हा चौथीचा बाक एका पायावर आला. अरुणाने चपलांचा मुद्दा मांडला, फायलींचा मुद्दा मांडला, आणि बस मंजूर केली.

"बोलणं छान," सर म्हणाले, "पण गमरे, हे अगदीच अवास्तव आहे. एका संध्याकाळी बस देणारं व्यवस्थापन जगात कुठे नसतं. आणि बॉनेटवर सह्या? दहापैकी चार."

"टिपणीससायेब हाय का इथं?"

दारात पोपटराव उभे होते, हातात साहेबांची बॅग. "शीटवर ऱ्हायली तुमची. डाक्टरकडं गेलो, तर डाक्टरच नाय. मंग हितून तुमचा आवाज आला." मग त्यांना बाकात घडी होऊन बसलेले साहेब दिसले, फळ्यावरचं 'वाटाघाटी: प्रात्यक्षिक' दिसलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. "सायेब, म्हंजे शनवारी कँटीनमंदी..."

"तालीम होती, पोपट," टिपणीससाहेब म्हणाले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची मान सरळ झाली. "मी इथे शिकतो. गेल्या वर्षी नापास झालो."

पोपटरावांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आनि भोंग्याला मशीनवर उभं ऱ्हायचं, ती पन तालीमच का?"

"ते खरं," अरुणा म्हणाली. "सही आहे तुमची."

"मंग बस पन खरी."

"बस पण खरी."

"मंग झालं तर." पोपटरावांनी बॅग साहेबांपुढे ठेवली. "सायेब, पास होवा नायतर नका होवा, पन आमच्या गेट मीटिंगला या. तुमच्यावानी शिव्या तुमाला आमी बी नाय दिल्या कदी."

खिडकीबाहेर दुसरी फेरी घेऊन आलेल्या कान्हाने हॉर्न दिला. केळुसकर सर खिडकीशी गेले. पुढे कंपनीचं नाव, आत दिवा, दारात हात पुसायचं जांभळं फडकं: बस सगळ्या बाजूंनी वास्तव होती. सरांनी परत येऊन चार खोडले, आठ लिहिले. मग चष्मा पुसला, घसा साफ केला.

"गमरे, मी नेरुळला राहतो. वर्ग सुटल्यावर मला रोज चालत... म्हणजे, तुमची ही बस कधी नेरुळपर्यंत वाढवायचा काही विचार?"

अरुणाने पर्समधून परीक्षेचा अर्ज काढला, उलगडला आणि सरांपुढे ठेवला.

"मागणी लेखी द्या, सर," ती म्हणाली. "तोवर इथे एक सही करा."