हमीची सीट

विमान कितीही खचाखच भरू दे, मला सीट मिळते म्हणजे मिळते! मी कारखान्यांना पंप विकत वर्षभर उडत असतो, त्यामुळे माझ्याकडे विमान कंपनीचं सगळ्यात वरचं कार्ड आहे. त्यावर लेखी हमी आहे: आदल्या दिवशी फोन करा, सीट तुमची. म्हणूनच माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर आधी तिच्याकडे गेलेली बायको फोनवरून "तिकीट काढलंत का?" म्हणून कानीकपाळी ओरडत होती, तरी मी ढिम्म.

लग्न नोंदणी कचेरीत, दुपारी बाराला. मी साक्षीदार. वेळ हुकली तर पुढची तारीख महिन्याने, आणि बहीण त्याआधीच नोकरीसाठी परदेशी जाणार.

आदल्या दिवशी फोन केला. "विमान फुल्ल आहे सर, पण तुमची सीट पक्की." बायकोला मी हे दोनदा ऐकवलं.

सकाळी विमानतळावर पोचतो तर काउंटरपाशी खुद्द नवरदेव! माझ्याच शहरात गणित शिकवणारे आमचे होणारे मेहुणे, नव्या कोटात घामाघूम.

"दादा, मला सीट नाही म्हणतायत. महिन्यापूर्वी तिकीट काढलंय हो."

मला चेवच चढला. काउंटरवरच्या बाईंपुढे कार्ड ठेवलं. "यांना कोणी काढलं?"

बाईंनी शांतपणे पडदा वाचला. "तुम्ही, सर. भरलेल्या विमानात सीट उगवत नाही. तुम्हाला द्यायची म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीटवाल्याची काढावी लागते."

मेहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते सोपं गणित चुकवणाऱ्या पोराकडे पाहत असणार.

"मग माझी त्यांना द्या."

"तशी देता येत नाही. तुम्ही सोडलीत तर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला जाईल. त्या समोरच्या आजी. त्यांच्याकडेही कार्ड आहे, पण फोन आज सकाळी केला. मग हे."

मीही पंपवाला आहे. नको असलेला पंप गळ्यात मारतो, तर सीट का नाही सोडवणार? आजींसमोर जाऊन बसलो.

"आजी, नवरदेव खाली राहिलाय."

"अरेरे! कोणाच्या करणीने?"

"माझ्याच."

आजी पोट धरून हसल्या. "तू थांबणार असशील तर मीही थांबते. दुपारच्या विमानात खिडकी मात्र माझी. आणि गप्पा मी मारणार."

मेहुणे उडाले. आम्ही दुपारी निघालो. खिडकीत आजी, मधल्या सीटवर मी, आणि दोन तास त्यांच्या गुडघ्यांचा इतिहास.

लग्नघरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. बहिणीने कौतुकाने फोटो दाखवला. वधूवरांशेजारी, माझ्या जागी, एक अनोळखी मिशाळ गृहस्थ रुबाबात उभे.

"हे कोण?"

"यांना विमानतळावरून आणणारे टॅक्सीवाले. तुझ्याऐवजी त्यांनीच सही केली."

बायको आतून म्हणाली, "भला माणूस. वेळेवर आला."