दुपारच्या रात्रीचा दाखला

निवृत्त भूगोलमास्तरांनी गल्लीत सर्वांत आधी छतावर सौरपट्ट्या बसवल्या, तेव्हा वीज कार्यालयाने त्यांना मानपत्र दिलं. व्यवहार सरळ होता. दिवसा तयार झालेली वीज कार्यालयाला द्यायची, रात्री लागेल ती परत घ्यायची, वजाबाकी मीटर करेल. मास्तरीणबाईंना झोपेत श्वास पुरवणारं यंत्र रात्रभर चाले. त्याचा भार सूर्याने उचलला होता.

सातव्या वर्षी नियम बदलला. दिवसाची वीज यापुढे दिवसाच्याच वापरातून वजा होणार, रात्रीची विकत घ्यावी लागणार. पहिलं बिल पाहून मास्तरीणबाई यंत्र एक दिवसाआड लावू लागल्या. दिवसा झोपून पाहिलं, पण शेजारच्या पत्रेवाल्याच्या हातोड्यापुढे टिकाव लागेना. मास्तरांनी चपला घातल्या.

वीज कार्यालयातल्या लिपिकाने सगळं शांतपणे ऐकलं. नियमाची वाट न पाहता पट्ट्या बसवल्या म्हणजे घाई मास्तरांचीच, असं त्याचं मत पडलं. मानपत्र त्याने घाईचा पुरावा म्हणून फायलीला जोडलं.

उपाय मात्र होता. नमुना क्रमांक एकोणीस. ग्राहकाने आपल्या पत्त्यावर भर दुपारीही रात्रच असते असं जाहीर करायचं, म्हणजे सगळीच वीज रात्रीच्या खात्यात पडते.

"चौतीस वर्षं सूर्य शिकवलाय मी," मास्तर म्हणाले. "दुपारी बाराला रात्र लिहिणाऱ्या एका दिवट्याला शून्य दिलं होतं."

"मलाच दिलं होतंत," लिपिक म्हणाला. "इथे सही करा."

मास्तरांना यंत्राची आठवण झाली. त्यांनी सही केली.

साक्षीदार म्हणून पत्रेवाल्याने डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून हाताचा आडोसा धरला आणि अंधार असल्याचं लिहून दिलं. मास्तरांनी पोराला फुकट शिकवलं होतं, त्या उपकाराची परतफेड, म्हणाला. दुपारी ठीक बारा वाजता अभियंता हातात पेटती बॅटरी घेऊन पाहणीला आला, उंबऱ्याला मुद्दाम ठेचकाळला आणि अशा अवेळी दार वाजवल्याबद्दल त्याने मास्तरीणबाईंची माफी मागितली. शेरा पडला : 'अंधार समाधानकारक.' दाखला हातात आला.

महिनाभराने नोटीस आली. सदर पत्त्यावर चोवीस तास रात्र असल्याचं सिद्ध झालं आहे. तरीही तेथे सूर्यापासून वीज तयार होत असल्याचं मीटर दाखवतं. वीज नेमकी कुठून येते याचा खुलासा होईपर्यंत पट्ट्यांची जोडणी तोडण्यात येत आहे.

मास्तर पुन्हा कार्यालयात लिपिकाच्या खिडकीशी गेले. दिवस कधी आणि रात्र कधी हे ठरवायचा अधिकार कार्यालयाला दिला कोणी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. लिपिकाने बिल उलटं केलं. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की, बिल भरणाऱ्या ग्राहकास कार्यालयाने ठरवलेली वेळ मान्य आहे.

"हे कोण वाचतं?" मास्तरांनी विचारलं.

"वाचत कोणीच नाही," लिपिक म्हणाला. "भरतात मात्र सगळे."

मास्तरीणबाईंचं यंत्र आता आठवड्यातून एकदा चालतं. बाकीच्या रात्री मास्तर उशाशी बसून त्यांचे श्वास मोजतात.

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण मागचं बिल तुम्हीही मुदतीत भरलं आहे. तेव्हा खिडकीबाहेर डोकावून आत्ता उजेड आहे की अंधार, हे परस्पर ठरवू नका. आधी कार्यालयात विचारा.