गाडी बुडेपर्यंत हिवाळा

आमच्या पाइक बे गावात वसंत ऋतू कॅलेंडरप्रमाणे येत नाही, नगरपालिकेच्या ठरावाप्रमाणे येतो. डिसेंबरात तळं गोठलं की इंजिन काढलेली एक भंगार गाडी त्याच्या मधोमध नेऊन ठेवायची, आणि ज्या क्षणी ती बर्फ फोडून बुडेल त्या क्षणी वसंत सुरू. पूर्वी यावर नुसत्या पैजा लागायच्या. मग एका मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं, निम्म्या गावाने बर्फावरचे खिळ्यांचे हिवाळी टायर काढून उन्हाळी चढवले, तिसऱ्या दिवशी हिमवादळ झालं आणि निम्मं गाव रस्त्याकडेच्या चरात सापडलं. तेव्हापासून पोटनियम चौदा लागू झाला: गाडी बुडाल्याखेरीज कोणी उन्हाळी टायर बसवू नयेत आणि दारात गाडी धुऊ नये, कारण ते पाणी रस्त्यावर गोठतं. नियम शहाणपणाचा आहे. आमच्याकडे सगळेच नियम शहाणपणाचे असतात, घोटाळा होतो तो तिथूनच.

यंदा पारा उणे बेचाळीसवर गेला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ इतकं टाकलं गेलं की एप्रिलमध्ये माझ्या ट्रकच्या तळाला भोक पडून त्यातून रस्ता दिसू लागला. माझा शेजारी लोर्न हृंचुक याची गाडीही खालून अशीच गंजत होती, पण त्याला घाई वेगळीच होती. त्याची मुलगी रिजायना शहरात असते आणि वीस मे ही तिच्या बाळंतपणाची तारीख होती. नातवंड पहिलंच. रस्ता आठ तासांचा, आणि आमची बस तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेली. लोर्नने चौतीस वर्षं टपालखात्यात काढली होती, त्यामुळे नियम मोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

वीस मार्चला पर्यावरण खात्याचा निरीक्षक आला. तळ्यात गाडी बुडवणं म्हणजे प्रदूषण, असा शेरा मारून त्याने ती बर्फावरून ओढून काढायला लावली, नगरपालिकेवर खटला भरला आणि गाडीला पुरावा म्हणून सील ठोकलं. आता जी गाडी बर्फावर नाही ती बुडणार कशी, आणि बुडाली नाही तर वसंत येणार कसा, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तळं वितळलं, बदकं परतली, ट्यूलिप फुलले. हिवाळा मात्र कायम राहिला.

तीस एप्रिलला प्रांत सरकारचा नियम लागला: यापुढे खिळ्यांचे टायर घालून रस्त्यावर येणाऱ्याला दंड. म्हणजे उन्हाळी टायर लावले तर गाव दंड करणार आणि हिवाळी ठेवले तर प्रांत. लोर्न मलाही सोबत घेऊन नगरपालिकेत गेला. तिथे सचिव गुडरून थोरवाल्डसन खिडकीवर जाळी बसवून घेत होत्या, कारण डास सुरू झाले होते.

"गुडरूनबाई, बाहेर पंधरा अंश आहे हो," लोर्न म्हणाला.

"हवामान आमच्या अखत्यारीत येत नाही, हृंचुकसाहेब. आमच्याकडे फक्त ऋतू."

"मग मी टायर कोणते घालू?"

"ज्या ऋतूचे असतील ते घाला. फक्त गाडी हलवू नका."

लोर्नने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाई अडवत नाहीयेत रे. त्यांनाही वरून काही आलेलं नसणार."

तरी त्याने स्वस्थ बसायचं नाही असं ठरवलं. वसंत जाहीर होताच त्याच मिनिटाला निघता यावं म्हणून त्याने गाडी वॉल्डो फ्रीसनच्या गॅरेजात टाकली. वॉल्डोने पोटनियम दोनदा वाचला. उन्हाळी टायर बसवायला बंदी होती, हिवाळी काढायला नव्हती. दारात धुवायला बंदी होती, गॅरेजात नव्हती. त्याने चारही चाकं काढून गाडी ओंडक्यांवर चढवली, तळाचं मीठ धुतलं, जुनं तेल आणि पेट्रोल काढून घेतलं, बॅटरी उतरवली. नवीन सगळं तो शेवटच्या मिनिटाला भरणार होता.

"उगाच शहाणपणा करताय दोघं," लोर्नची बायको डार्लीन म्हणाली. "सरळ टायर लावा न् चला. दंड मी भरते."

"अगं, दंडाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे."

"बाळ काय तत्त्व बघून थांबणारे का?"

सतरा मेला पर्यावरण खात्याचं पत्र आलं. खातं उदार झालं होतं: तेल, इंधन, बॅटरी आणि टायर काढलेली, तळ धुतलेली गाडी बुडवायला हरकत नाही. जुनी तर सीलबंद होती. नगरपालिकेने गावभर पाहणी केली आणि सर्व अटींत बसणारी गाडी एकच निघाली. ती वॉल्डोकडे ओंडक्यांवर उभी होती.

त्याच संध्याकाळी सैनिक क्लबात सभा भरली. गाडी बर्फ फोडूनच बुडायला हवी, यावर बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानाचा खरवडलेला बर्फ धक्क्यावरून पाण्यात टाकावा असं ठरलं. मग गुडरूनबाईंनी लोर्नची गाडी बुडवण्याचा ठराव वाचला. डार्लीन उभी राहिली.

"माणसं आहात का कोण आहात? आम्हाला परवा लेकीकडे पोचायचंय. त्याच गाडीने!"

"ताई, भावना नोंदवून घेतल्या आहेत," गुडरूनबाई म्हणाल्या. "ठरावाच्या बाजूने हात वर करा."

मला माझ्या ट्रकचं भोक आठवलं. माझा हात वर गेला. आजूबाजूच्या सगळ्यांचेच गेले. मी वळून पाहिलं तर लोर्नचाही हात वर होता. डार्लीनने तो ओढून खाली घेतला, तोवर मोजणी झाली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी वसंत सुरू झाला. लोर्नला प्रमाणपत्र मिळालं: गावात वसंतासाठी सर्वप्रथम सिद्ध झालेली गाडी. वॉल्डोकडे टायर बदलायला रांग लागली. वशिल्याने माझं काम रात्रीपर्यंत उरकलं आणि सकाळी मी ट्रक दारात धुतला, भोकाला पत्रा ठोकला, चक्क आरशासारखा केला.

तेवढ्यात डार्लीन कुंपणाशी आली. "कळा सुरू झाल्यात तिला. सोडतोस का आम्हाला? लगेच निघालो तर संध्याकाळी पोचू."

मला मनापासून वाईट वाटलं. मी म्हणालो, "अगं, आत्ताच धुतलाय गं. हायवेवर अजून किती चिखल आहे बघ. पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ."

ती माघारी वळली. मला नावं ठेवा, माझी ना नाही. सभेत हात वर करणाऱ्यांत तुम्ही नव्हतात, हेही मला मान्य आहे. मी बघितलं होतं. मोजणी चालू असताना तुम्ही मागच्या टेबलापाशी कॉफी ओतून घेत होतात.