छताच्या आकस्मिक पतनाबाबत

निवृत्त ग्रंथपालांच्या स्वयंपाकघराचं छत एके सकाळी ओट्यावर येऊन पडलं. माणसं वाचली. शेगडी आणि डबे मात्र ग्रंथपालांच्या पुस्तकांच्या खोलीत हलवावे लागले. तेव्हापासून शब्दकोशाला कांद्याचा वास येऊ लागला आणि ज्ञानकोशाच्या तिसऱ्या खंडावर तेलाची बरणी बसू लागली. "चला, या खोलीचा काहीतरी उपयोग झाला," असं बायको म्हणाली. ग्रंथपालांना छत तातडीने हवं होतं ते यामुळे.

घराचा विमा होता. ग्रंथपालांनी पॉलिसी आयुष्यात पहिल्यांदाच वाचली, तीही हातात पेन्सिल घेऊन. सारांश असा निघाला, की जे अचानक घडतं त्याची भरपाई मिळते. जे हळूहळू घडतं त्याला देखभालीचा अभाव म्हणतात, आणि तो ज्याचा त्याने भोगायचा असतो.

"अगं, विम्याचा माणूस येईल तेव्हा एवढंच म्हणायचं. अचानक झालं."

"अचानक? अहो, मी तर..."

"हे 'अहो, मी तर' त्याच्यापुढे नको. तुला हात जोडतो."

सर्व्हेअर आला. अत्यंत सभ्य माणूस. छताच्या भोकाखाली तो क्षणभर मान खाली घालून उभा राहिला.

"काका, पाणी कुठून आलं? जमिनीवरून आलं असेल तर तो पूर. पूर तुम्ही घेतलेला नाही."

"वरच्या टाकीचा पाइप फुटला."

"वा!" सर्व्हेअरचा चेहरा उजळला. "पाइप फुटणं पॉलिसीत बसतं. पाइप बसत नाही."

"म्हणजे?"

"पाण्याने जे बिघडलं ते आमचं. पाइप तुमचा. पडलं तेव्हा घरी होतात?"

ग्रंथपाल सावध झाले. नव्हतो म्हणावं तर घर निर्मनुष्य ठेवल्याचा ठपका. होतो म्हणावं तर पाणी का थांबवलं नाही?

"घरी होतो. पण वाचत होतो."

"म्हणजे नव्हतेच," बायको म्हणाली.

सर्व्हेअरने 'अंशतः उपस्थित' असं लिहिलं.

"आता शेवटचं. हे अचानक झालं?"

"अगदी अचानक! आम्ही दोघंही थक्क झालो." थक्क होऊन दाखवताना ग्रंथपालांचा चष्मा घसरला.

"काकू, तुम्हीही थक्क झालात?"

बायकोने ओठ घट्ट मिटले. नवऱ्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं.

"थक्क? मी?" आणि बांध फुटला. "उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडतेय! आधी वाटीएवढा डाग होता, मग ताटाएवढा झाला. म्हटलं, बघा हो जरा वर. तर हे म्हणतात, हे प्रकरण संपू दे!"

"सावकाश, काकू," सर्व्हेअर आदराने म्हणाला. "वाटीनंतर काय म्हणालात?"

इतक्या वर्षांत तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. तिने त्याला चहा दिला, मग दुसरा दिला. ग्रंथपाल तेलाच्या बरणीशेजारी बसून राहिले.

निघताना सर्व्हेअरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, काका. छत कसं पडलं हे मला मुळीच कळत नाही. पण प्रत्येक घरात आधी सांगून ठेवलेलं कुणीतरी असतंच. आम्ही फक्त चहा घेईपर्यंत थांबतो."

दावा फेटाळल्याचं पत्र आलं. 'सदर पतनाची पूर्वसूचना पत्नीने वारंवार व अचूकपणे दिली होती, याची कंपनीने नोंद घेतली आहे.' बायकोने ते चौकट करून पुस्तकांच्या खोलीत, शेगडीच्या वर लावलं. पाहुण्यांना ती आधी तिथे नेते.

ही हकीकत घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी, असं तुम्हाला वाटत असेल. जरूर दाखवा. फक्त त्याआधी, गेले काही महिने ती व्यक्ती तुम्हाला काय सांगतेय, ते आठवतंय का बघा.