शिगेचं माप आणि महाराजांची आयाळ

एका जंगलात भाताची खाचरं होती. बसा नीट. जंगलात खाचरं कशी, असं कोणी विचारायचं नाही. सिंह बोलतो ते तुम्हाला चालतं आणि भात पिकतो ते चालत नाही, हा कुठला न्याय?

तर खाचरं होती, कारण राजाचे दात पडले होते. राजा म्हणजे सिंह, महाराज प्रचंडसिंह. दात गेल्यापासून महाराज मऊ भात खात. महाराज भात खात म्हणून सगळा दरबारही भात खाई. हरणांना हा बदल फार आवडला होता.

खाचरांवर देखरेख ठेवायला एक अस्वल होतं. त्याचं नाव बाळोजी. अंगानं दांडगा, मनानं साधा, आणि आपल्या काळ्याभोर केसांचा त्याला भारी अभिमान. सकाळी बांधावर बसून नखांनी केस विंचरायचे आणि भागामावशीशी गप्पा मारायच्या, हा त्याचा नेम.

भागामावशी म्हणजे गांडूळ. ती आणि तिचं गणगोत बांधाच्या मातीत राहायचं. खाचरातलं पाणी उतरलं की सगळी खाली यायची आणि माती भुसभुशीत करायची. त्याबद्दल त्यांना कोणी काही देत नसे. बांधाच्या कोपऱ्यात कुजका पालापाचोळा पडलेला असे, तेवढा त्यांचा. बाळोजीनं जन्मात कधी नांगर धरला नव्हता. "मावशी, आपलं सगळं तुझ्या जिवावर चाललंय," असं तो उघड म्हणायचा. फक्त दरबारात म्हणत नसे.

आता या जंगलातली एक रीत सांगतो, ती नीट ऐका. पुढे सगळं तिच्यामुळेच होणार आहे. तिथे सपाट माप देणं म्हणजे शिवी दिल्यासारखं होतं. कुणी मापटंभर तांदूळ मागितले, तर मापटं भरून वर निमुळती रास चढवायची. त्या राशीला म्हणतात शीग. धान्याला शीग, दुधाला शीग, नमस्कारालाही शीग. एकानं हात जोडले, की दुसऱ्यानं वाकायचं. दुसरा वाकला, की तिसऱ्यानं लोटांगण घालायचं. मोठी दिलदार मंडळी होती, दुसरं काय!

एका वर्षी महाराजांना थकवा आला. डरकाळी फोडायला जावं आणि नुसती जांभई यावी. मग वैद्यांना बोलावलं. वैद्य होते कासवनाना. नानांनी महाराजांची जीभ पाहिली, मग ताट पाहिलं, मग चालत चालत खाचरात जाऊन माती पाहिली. यात बराच वेळ गेला.

"मातीत सेलेनियम कमी आहे," नाना म्हणाले. "मातीत नाही म्हणून भातात नाही. भातात नाही म्हणून महाराजांत नाही."

हे नाव पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही. ते एक खनिज असतं, आणि जिवाला अगदी किंचित लागतं.

"खाचराला चिमूटभर घालायचं," नाना म्हणाले. "चिमटीवर चिमूट नाही. हे औषध आहे, साखर नव्हे."

त्या वर्षी नानांनी स्वतःच्या हातानं ते मातीत कालवलं. भात चांगला आला. महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की शेजारच्या जंगलातली माकडं झाडावरून पडली. भागामावशीलाही काही झालं नाही. नाना समाधानानं चिखलात शिरून झोपले. एकदा झोपलं की वर्षभर उठायचं नाही, ही त्यांची पद्धत.

पुढच्या पेरणीच्या वेळी महाराजांनी प्रधानाला बोलावलं. प्रधान होता कोल्हा, सुमुखराव.

"ते खत यंदाही घाला," महाराज म्हणाले. "जरा सढळ हातानं."

झालं! राजाच्या तोंडून सढळ शब्द निघाला. सुमुखरावांनी विचार केला, चिमूट कसली पाठवायची, राजाच्या नावाला शोभायला नको? त्यांनी कोठीवर निरोप धाडला, खाचराला मूठभर. कोठीवर रानडुक्कर होते, दंताजीराव. प्रधानजींचा शब्द सपाट कसा ठेवायचा? त्यांनी मुठीची पायली केली. पायली बाळोजीकडे आली. बाळोजी तर महाराजांचा खरा भक्त. त्यानं पायलीचं पोतं केलं, पोत्यावर शीग चढवली आणि हात जोडून खाचरात रिकामं केलं.

लबाडी कोणी केली नाही बरं का. ज्यानं त्यानं आपापली निष्ठा तेवढी मिसळली.

पाणी उतरलं, गांडुळं नेहमीप्रमाणे खाली आली, आणि थोड्याच दिवसांत भागामावशी धापा टाकत बांधावर आली. अंग कोरडं पडलेलं.

"बाळोजी, अरे मातीत काय कालवलंस रे?"

"ताकदीचं खत, मावशी. महाराजांचं."

"माझी भावंडं गेली की रे सगळी. खाली गेलेलं कुणी वर आलं नाही. माझे अंड्यांचे कोष सुकले. पोरं आतल्या आत गेली."

बाळोजीला मावशीची दया आली आणि स्वतःची भीती वाटली. पोतं त्यानंच ओतलं होतं ना!

"आता कोपऱ्यातल्या पाल्याखाली थोडे कोष ठेवलेत," मावशी म्हणाली. "तेवढेच राहिलेत. तिथे ते खत येऊ देऊ नकोस, बाबा. मी असले नसले तरी."

"असं काय बोलतेस! मी आत्ता दरबारात जातो."

तो गेला. सुमुखरावांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"बाळोजीराव, गांडुळांचं किती मनावर घ्यायचं? ज्यांचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं हे आपल्याला कळत नाही, त्यांची तक्रार कुठल्या टोकाकडून ऐकायची? पण असो. आपण समिती नेमू."

समिती नेमली. समितीचे सभासद खाचराच्या कडेला छत्री धरून उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, "कोणाची काही तक्रार आहे का?"

मातीतून उत्तर आलं नाही. उत्तर द्यायला तिथे कोणी उरलंच नव्हतं. समितीनं दरबारात सांगितलं, की तक्रार करणारं कोणीही आढळलं नाही, सबब जमीन समाधानी आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळोजीनंही वाजवल्या, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचे वाजवत होते. मग घरी जाऊन तो जेवला नाही.

भात आला, पण खुरटा. माती विटेसारखी झाली होती. तरी जो आला तो सेलेनियमनं ठासून भरलेला. महाराजांनी तो ताकदीचा म्हणून दोन्ही वेळा खाल्ला. उरलेला दरबारानं खाल्ला. मग दरबारात लसणाचा वास येऊ लागला. लसूण कोणी खाल्ला नव्हता, आणि तरी जो बोलायला तोंड उघडी त्याच्या तोंडाला वास. शेवटी सगळे मान डोलावूनच कारभार करू लागले. कारभार पूर्वीपेक्षा बरा चालला.

त्यानंतर महाराजांची आयाळ गळू लागली.

आधी उशीवर चार केस दिसले. मग झुपके पडू लागले. दरबार म्हणाला, महाराजांचं कपाळ किती भव्य दिसतंय! मग नखं निखळली. दरबार म्हणाला, महाराजांचा पंजा किती मायाळू झालाय! सुमुखरावांच्या झुबकेदार शेपटीची दोरी झाली, तीही ते मोठ्या डौलात मिरवू लागले. बाळोजीचे काळेभोर केस तर पोत्यानं गेले. एका सकाळी विंचरायला बसला आणि विंचरायला काही नव्हतं. तो बांधावर बसून ओक्साबोक्शी रडला.

पुढे महाराज तळ्यावर पाणी प्यायला गेले आणि पाण्यात त्यांना एक भलं मोठं मांजर दिसलं. महाराजांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

नानांना तातडीनं चिखलातून उपसून काढलं. नानांनी डोळे चोळले, महाराजांच्या तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, "खाचराला किती घातलंत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"बंद!" महाराज ओरडले. "ते खत आत्ताच्या आत्ता बंद!"

बघा हं. गांडुळांचा वंश बुडाला तेव्हा समिती बसली होती. आयाळ गळाली तेव्हा कोणी बसलंसुद्धा नाही, सगळे उभ्या उभ्या कामाला लागले.

बाळोजी धावत खाचरात आला. "मावशी! अगं मावशी, बंद झालं!" उरल्यासुरल्या नखांनी त्यानं बांध उकरला. मावशी सापडली. वाळून सुतळीसारखी झाली होती. बाळोजीनं तिला ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग कोपऱ्यातला पाला हलकेच उचलून पाहिलं. खाली कोष होते. ओले होते.

पण तुम्ही ती रीत विसरलात वाटतं? हुकूम निघाला, की त्याला शीग लागणारच. महाराज म्हणाले, हे खत बंद. सुमुखराव म्हणाले, सगळीच खतं बंद. दंताजीराव म्हणाले, शेणही बंद, आणि खाचरातला पालापाचोळा उचलून जाळा. असा तो हुकूम बाळोजीच्या हाती आला. आता त्यानं त्याची शीग चढवायची, म्हणजे बांध खणून मातीही जाळायची.

बाळोजीनं पाल्याकडे पाहिलं. मग तो पाल्याच्या कडेला, कोष चिरडणार नाहीत अशा बेतानं आडवा झाला आणि त्यानं निरोप धाडला, "पाला उचलणार नाही."

दरबार हादरला. शीग तर नाहीच, या अस्वलानं अख्खं मापच उपडं केलं! दंताजीराव त्याला उठवायला आले. त्यांनी ढकललं, ओढलं, शिव्या दिल्या. अस्वलाचे केस गेले होते, वजन गेलं नव्हतं. शेवटी त्याला नोकरीवरून काढलं. शिगेसाठी जंगलातूनही काढलं. बाळोजीनं दोन्ही हुकूम आडव्या आडव्याच ऐकले.

तो तिथेच राहिला. ऊन आलं की पाल्यावर अंगाची सावली धरायचा. माती सुकली की ओढ्याचं पाणी तोंडात भरून आणायचा. मावशीला त्यानं पाल्याशेजारीच पुरलं होतं. जाता येता तो तिला सांगायचा, "अजून ओले आहेत गं."

मग एका सकाळी पाला हलला. दोऱ्याएवढं एक पिल्लू बाहेर आलं. गांडुळाला डोळे नसतात, तेव्हा ते चाचपडत चाचपडत बाळोजीच्या तुळतुळीत पोटावर चढलं. ते पोट त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. केस कुठेच लागला नाही.

"तुम्ही आमच्यातलेच का हो?" पिल्लानं विचारलं.



"हो," तो म्हणाला. "पण जरा उशिरा झालो."

तात्पर्य: मुलांनो, खत बेतानं घालावं, असं तात्पर्य तुम्हाला हवं होतं ना? ते कासवनानांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि त्याचा काय उपयोग झाला ते तुम्ही पाहिलंत. खरं तात्पर्य असं, की मातीत राहणाऱ्यांनी आपलं दुःख वर सांगायला जाऊ नये. ते भातात उतरेल, भात ताटात जाईल, आणि राजाचे केस गळू लागले की न्याय आपोआप मिळेल. तोवर फक्त जिवंत राहावं.