गायधने काकांचा बिल्ला

आमच्या समोरच्या दारात राहणारे गायधने काका दूध आणायला निघाले तरी आधी माझी बेल वाजवतात आणि हातावर एक पितळेचा बिल्ला ठेवतात. "जाऊन येतो गा. राखून ठेव." परत आले की बिल्ला मागून घेतात. मी अंघोळीला गेलो असलो तर जिन्यात उभे राहतात. दूध नासलं तरी चालेल, पण बिल्ला हातात आल्याशिवाय काका घरात पाऊल टाकणार नाहीत. नागपुरातली आमची अख्खी धरमपेठ त्यांना हसते. मीही हसायचो.

काकांची नोकरी खाप्याकडच्या मँगनीजच्या खाणीत झाली. तिथे खाली उतरताना माणसाने आपल्या नंबरचा बिल्ला वर फळीला टांगायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. पाळी संपूनही फळीवर बिल्ला उरला, तर समजायचं, कोणीतरी अजून खाली आहे. "वर कोणाले तरी मालूम पाहिजे गा, आपण अंदर आहो म्हणून," असं काका सांगतात. निवृत्त होताना त्यांनी बिल्ला मागून घेतला आणि सवयही सोबत घेऊन आले.

काकू होत्या तेव्हा बाहेर पडताना काका तो स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायचे. महाल भागातल्या बाजारातून नुसती सुपारी घेऊन आले, तरी काका जिन्यातूनच हाक द्यायचे, "आलो वं." आतून काकू म्हणायच्या, "हात धुवा अन् जेवाले बसा." जेवणाची वेळ असो वा नसो, उत्तर हेच. ही दोन वाक्यं मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकली. काकू गेल्या आणि हाक थांबली. बिल्ला माझ्याकडे येऊ लागला, पण परत घेताना काका नुसता हात पुढे करतात.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा एक मित्र पाठीवर पिशव्या टाकून व्हिएतनामला जाणार होतो. तिथल्या जंगलात एक अजस्र गुहा आहे, ती बघायची होती. मित्राने ऐनवेळी टांग दिली. फोटो पाहून काका म्हणाले, "मले ने." मी वयाचा विषय काढला. "जिंदगी जमिनीखाली गेली गा. मले वरच थकवा येते," काका म्हणाले. विमानतळावर त्यांच्या पाठपिशवीतून चिवडा, संत्रा बर्फी आणि खाणीतली शिट्टी निघाली. कपडे सापडायला जरा वेळ लागला.

जंगल तुडवत आम्ही गुहेच्या तोंडाशी, ओढ्याकाठच्या आमच्या तळावर पोहोचलो. दिव्याच्या टोप्या चढल्या, वाटाड्या पुढे झाला, आणि काका अडले. हातात बिल्ला.

"वर कोण थांबून राहिलं?"

"कोणी नाही काका. सगळेच आत चाललोय."

"मग मी नाही येत."

मी समजावलं. वाटाड्याकडे आपली नावं आहेत, तो जबाबदार माणूस आहे. काका म्हणाले, "पण तो तर आपल्यासंगंच अंदर चालला." नागपूरहून इतक्या लांब येऊन हा माणूस दारातून परत फिरणार, या विचाराने मला घाम फुटला. काकांचंही तोंड एवढंसं झालं होतं. त्यांना आत जायचं होतं, फार जायचं होतं.

तेवढ्यात त्यांना तळावर भांडी घासणारी बाई दिसली. ती आमचा स्वयंपाक करायची आणि मागे थांबणार होती. काका तिच्यापुढे गेले. "बाई, हा राखून ठेवा. आम्ही अंदर जाऊन राहिलो. आलो की घेतो." बाईला एक अक्षर कळलं नसणार. तिने हात पुसले, बिल्ल्याकडे पाहिलं, गुहेकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मूठ मिटली. काका आत शिरले.

आत एक नदी काळोखातून वाहत होती. दिवा वर धरला तर उजेड छतापर्यंत पोहोचत नव्हता. एका ठिकाणी छत कोसळून ऊन खाली आलं होतं आणि त्या उन्हात, जमिनीच्या पोटात, झाडं उभी होती. त्यांच्या शेंड्यांत धुकं अडकलं होतं. माझी तर मतीच गुंग झाली. काका एवढ्या दालनातही सवयीने वाकून चालत होते.

"इथं टेकू काहून नाही?" त्यांनी विचारलं. "खोदलं कोणं हे?"

"कोणीच नाही. पाण्याने झालंय."

काकांनी भिंतीवर तळवा टेकला. "आम्ही वीत-वीत खोदलो गा. अन् हे कोणी खोदलंच नाही." मग हळूहळू त्यांची पाठ सरळ झाली. त्यांनी टोपी काढून हात जोडले. देवळात गेलो तर माझे हात आपणहून जुळत नाहीत, तिथे जुळले.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चुलीपाशी दुसरंच कोणी भात ढवळत होतं. ती बाई गुहेच्या तोंडाशी उभी होती, मूठ तशीच मिटलेली. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने मूठ उघडली. बिल्ला घामाने ओला झाला होता.

काकांनी तो घेतला. आणि काकू गेल्यानंतर पहिल्यांदा मी ते ऐकलं.

"आलो वं."

बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि तिने चुलीकडे मान वळवली. मला काही कळलं नाही. काका मात्र मुकाट्याने ओढ्यावर गेले, हात धुतले आणि जेवायला बसले.